स्वयंपाकघरातील चिमणी : निवड, जोडणी आणि निगा

धुरात काय असते

शेगडीवरून वर जाणारा धूर हे एकच द्रव्य नसते. त्यात किमान चार प्रकारचे घटक मिसळलेले असतात आणि एकाच उपायाने ते सगळे हटत नाहीत. पहिला घटक तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा. फोडणी देताना, परतताना, तळताना ते उडतात आणि थंड होताच टाइल, पंख्याची पाती, माळ्यावरचे डबे यांवर चिकट थर धरतात. दुसरा घटक तापलेल्या तेलाच्या विघटनातून निघणाऱ्या वायूंचा. तेलातून धूर निघू लागला की ॲक्रोलिन हे डोळ्यांना झोंबणारे द्रव्य तयार होते. मिरचीच्या फोडणीने घरभर लागणारा ठसका मात्र हवेत तरंगणाऱ्या कॅप्सायसिनमुळे लागतो. तिसरा घटक ज्वलनाचा. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. ते जळताना कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तर ज्योत पिवळी व अर्धवट जळणारी असल्यास कार्बन मोनॉक्साइडही. चौथा घटक म्हणजे अन्नातून सुटणारी वाफ आणि उष्णता.

यांपैकी ज्वलनाच्या वाफेचा विचार सहसा कोणी करत नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत केवळ ज्वलनातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात स्वयंपाकघरात येते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि डब्यांतले मीठ पाझरते, त्यात या वाफेचाही वाटा असतो.

आरोग्याचा संबंध

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ९५ व्या खंडात उच्च तापमानाला तळताना होणारे उत्सर्जन ‘बहुधा कर्करोगकारक’ या २-अ गटात ठेवले. घरात जाळलेल्या लाकडाचा धूर त्याच गटात आणि दगडी कोळशाचा धूर पहिल्या गटात आहे. हे गट पुराव्याची बळकटी सांगतात, धोक्याची मात्रा नव्हे. अधूनमधून भजी तळणाऱ्या घराने त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. रोज तासन्‌तास बंद खोलीत तळण करणाऱ्यांसाठी मात्र वायुवीजन ही चैनीची बाब राहत नाही. इंडक्शन शेगडीने ज्वलनाचे वायू टळतात, पण तेलाचा धूर तितकाच राहतो.

कार्याचे तत्त्व

कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि धुराड्यातून आपसूक बाहेर पडत असे, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. आजच्या विद्युत चिमणीचा पायाही तोच आहे. कढईवरून गरम हवेचा एक स्तंभ उठतो, वर जाता जाता आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि रुंदावतो. चिमणीने करायचे ते इतकेच, की हा स्तंभ खोलीत विखुरण्याआधी पकडायचा आणि घराबाहेर नेऊन सोडायचा.

यात एक मर्यादा आहे. फुंकर घालून हातभर अंतरावरची मेणबत्ती विझवता येते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवता येत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोतात जाते, ओढलेली हवा सर्व बाजूंनी येते, त्यामुळे ओढीचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. म्हणजे चिमणी दूरचा धूर ‘खेचत’ नसते. धूर स्वतः तिच्या तोंडाशी येतो आणि ती तो उचलते. म्हणूनच शेगडीच्या मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्या बर्नरच्या तुलनेत चांगला पकडला जातो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजमापांतही हा फरक स्पष्ट दिसला आहे. तळणाची कढई मागच्या बर्नरवर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

हवेचा प्रवाह स्थिर व्हायला थोडा अवधी लागतो. त्यामुळे गॅस पेटवण्याच्या आधी दोन-तीन मिनिटे चिमणी सुरू करणे आणि स्वयंपाक आटोपल्यावर पाच-दहा मिनिटे चालू ठेवणे उपयोगी ठरते. फोडणीचा धूर दिसल्यावर बटण दाबले, तर तोवर निम्मा धूर खोलीत मिसळलेला असतो.

फिल्टरचे प्रकार

फिल्टरचे मुख्य काम स्वयंपाकघर शुद्ध करणे नसून मोटर आणि पाइप यांना तेलापासून वाचवणे हे आहे. जाळीच्या फिल्टरमध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक जाळ्यांचे थर असतात. ते स्वस्त असतात आणि नवे असताना चांगले काम करतात, पण भारतीय स्वयंपाकात लवकर तुंबतात, आणि तुंबलेला फिल्टर हवेची वाटच अडवतो.

बॅफल फिल्टरची रचना वेगळी असते. स्टेनलेस स्टीलच्या वक्र पट्ट्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या असतात, की हवेला एकदम दिशा बदलावी लागते. हवा वळते; तेलाचे जड थेंब जडत्वामुळे सरळ जाऊन पट्टीवर आदळतात आणि निथळून खालच्या पन्हळीत उतरतात. तेल पट्ट्यांमधल्या वाटेत साचून राहत नसल्याने ओढ टिकते. रोज फोडणीचा स्वयंपाक असलेल्या घरासाठी हा प्रकार सर्वांत भरवशाचा.

‘फिल्टरलेस’ चिमणीत गाळणी नसते. वेगाने फिरणारा ब्लोअर केंद्रोत्सारी बलाने तेल बाहेरच्या भिंतीवर फेकतो आणि ते एका वाटीत जमा होते. नियमित धुण्याचा त्रास यात कमी होतो. मात्र जो थर एरवी फिल्टरवर बसला असता, तो ब्लोअरच्या पात्यांवर आणि आवरणात बसतो. ते घरी सुटे करून धुणे अवघड असते. काम संपलेले नसते, ते तंत्रज्ञाकडे गेलेले असते.

चौथा प्रकार सक्रिय कोळशाचा. तो वास शोषतो, तेल नव्हे. सुरमई किंवा बोंबील तळताना सुटणाऱ्या वासातले ट्रायमिथिलअमाइनसारखे रेणू बॅफल फिल्टरमधून सहज निसटतात, कारण ते थेंब नसून वायू असतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मासळीच्या स्वयंपाकाला म्हणूनच फिल्टरच्या सुधारणेपेक्षा बाहेर जाणारा पाइप अधिक उपयोगी पडतो.

पाइप : दुर्लक्षित अर्धा भाग

दुकानात चिमणीची काच, दिवे आणि टच पॅनेल दाखवले जातात; पाइप जोडणीच्या दिवशी गाडीतून येतो. चिमणीच्या यशापयशाचा मोठा भाग मात्र या पाइपावर ठरतो.

बहुतेक घरगुती चिमण्यांचे निर्गमन द्वार सहा इंची असते. खिडकीच्या काचेत मोठे भोक पाडायला नको म्हणून किंवा भिंतीत चार इंची भोक आधीच आहे म्हणून पाइप मध्येच अरुंद केला जातो. सहा इंचांवरून चार इंचांवर आल्याने छेदाचे क्षेत्रफळ ३६:१६ या प्रमाणात, म्हणजे निम्म्याहून खाली येते. घर्षणाचा अडथळा तर त्याहून वेगाने वाढतो: तेवढीच हवा न्यायची असेल, तर तो व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. या हिशोबाने चार इंची पाइपात अडथळा सुमारे साडेसात पट होतो. मोटर कितीही दणकट असली, तरी हा तोटा तिला भरून काढता येत नाही. हवा कमी जाते आणि आवाज वाढतो.

वळणांचेही तसेच. एका काटकोनी वळणाचा अडथळा तीन-चार मीटर सरळ पाइपाइतका धरला जातो. म्हणून लांबी शक्य तितकी कमी आणि वळणे एक किंवा फार तर दोन, हा नियम. खोट्या छताच्या वरून अर्धे घर ओलांडून नेलेला पाइप दिसत नाही एवढाच त्याचा गुण. थंड पृष्ठभागावर वाफ आणि तेल साचून पुढे त्यातून गळती होते. पाइपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिल्यास साचलेले पाणी किंवा उलटून आलेला पाऊस मोटरकडे येत नाही.

लवचीक ॲल्युमिनियम पाइप कुठेही वळतो म्हणून लोकप्रिय आहे. त्याच्या चुण्यांत तेल अडकते आणि हवेला घर्षण होते. तो वापरायचाच असेल तर पूर्ण ताणून आणि जादा तुकडा कापून बसवावा लागतो. पीव्हीसी पाइप आतून गुळगुळीत असतो, पण उष्णतेने मऊ पडतो आणि आग लागल्यास विषारी धूर देतो. गुळगुळीत पत्र्याचा पाइप या दोहोंपेक्षा सुरक्षित आणि टिकाऊ.

पाइपाचे बाहेरचे टोकही मोकळे सोडून चालत नाही. हवेच्या जोराने उघडणारी आणि बंद झाल्यावर आपोआप मिटणारी झडप तिथे हवी. ती नसेल तर पाऊस, झुरळे आणि मुंबई-पुण्यात विशेषतः कबुतरे पाइपात शिरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर महिनाभर बंद राहिले आणि परतल्यावर चिमणीची ओढ एकदम कमी झाली, तर मोटरच्या आधी बाहेरच्या टोकाशी घरटे आहे का ते पाहणे योग्य.

जुन्या इमारतींत पाइप मधल्या डक्टमध्ये सोडण्याची पद्धत आहे. चारी बाजूंनी बंद आणि वर अर्धवट झाकलेल्या डक्टमधून तो धूर वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्यांत शिरतो. दर्शनी भिंतीवर निर्गमन काढण्याबाबत गृहनिर्माण संस्थेचे नियम असू शकतात. खरेदीपूर्वीच ते तपासणे हिताचे.

क्षमतेचा आकडा

चिमणीची ओढ घनमीटर प्रतितास या एककात सांगतात. बाजारात १,००० ते १,५०० असे आकडे सर्रास आढळतात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी एक साधे गणित पुरते. अडीच मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि २.८ मीटर उंच स्वयंपाकघराचे घनफळ २१ घनमीटर भरते. तासाला हवा १२ वेळा बदलायची तर २५२ घनमीटर लागतात. भरपूर तळणाचा विचार करून २० वेळा धरले तरी ४२० होतात.

मग हजारांचे आकडे कशासाठी? खोक्यावरचा आकडा बहुधा सर्वोच्च वेगाला, पाइपाचा अडथळा नसताना मिळणाऱ्या हवेचा असतो. पाइप, वळणे, झडप आणि तेलकट फिल्टर यांतून प्रत्यक्षात जाणारी हवा त्याहून बरीच कमी असते. रोजचा स्वयंपाकही सर्वोच्च वेगावर होत नाही, कारण तो आवाज सहन होत नाही. वरचे गणितही ढोबळच आहे. ते खोलीतली हवा बदलण्याचा हिशोब सांगते, तर चिमणीचा उद्देश धूर खोलीत मिसळूच न देण्याचा. तरीही एवढे निश्चित, की आखूड आणि रुंद पाइपावरची १,००० क्षमतेची चिमणी चार वळणांच्या अरुंद पाइपावरच्या १,५०० च्या चिमणीहून सरस ठरू शकते. दिवाणखान्याला जोडलेल्या उघड्या स्वयंपाकघरात धूर अडवायला दारच नसल्याने तिथे जास्त क्षमता घेणे समर्थनीय आहे.

रुंदी आणि उंची

चिमणी शेगडीइतकी तरी रुंद असावी; थोडी अधिक असल्यास उत्तम. दोन बर्नरना ६० सें.मी. पुरते, तीन-चार बर्नरच्या शेगडीला ७५ किंवा ९० सें.मी. लागते. पुढच्या बर्नरचा विचार करता खोलीही महत्त्वाची असते. तिरक्या काचेच्या चिमण्या सुबक दिसतात आणि डोक्याला लागत नाहीत, पण त्यांचे तोंड बहुधा भिंतीलगतच राहते. आडव्या, खोलगट छत्रीच्या चिमणीत धूर क्षणभर साठायला जागा मिळते. फोडणीचा धूर क्षणात भपकन उठतो. त्यामुळे हा साठा कामी येतो.

गॅसच्या शेगडीपासून चिमणीपर्यंतचे अंतर साधारणतः ६५ ते ७५ सें.मी. ठेवतात. त्याहून खाली आल्यास उष्णतेने आणि ज्वाळेने धोका संभवतो, फार वर गेल्यास धूर बाजूने निसटतो. ओट्याची उंची आणि शेगडीची जाडी घरोघरी वेगळी असल्याने हे अंतर शेगडीच्या वरच्या पृष्ठभागापासूनच मोजायचे असते.

आत येणारी हवा

जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यावीच लागते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर घरातला दाब किंचित घटतो, चिमणीची ओढ मंदावते आणि हवा मिळेल त्या वाटेने शिरते. ही वाट कधी न्हाणीघराच्या मोरीची असते आणि मग घरात दुर्गंधी येते. गॅस गीझर असलेल्या घरात प्रश्न गंभीर होतो: ज्वलनाचे वायू बाहेर नेणारी व्यवस्था अपुरी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जाऊ शकतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. चिमणी आणि गॅस गीझर एकाच वेळी चालू असताना एखादी खिडकी उघडी ठेवणे आवश्यकच आहे.

ती खिडकी शेगडीच्या अगदी शेजारची मात्र नसावी. तिथून येणारा वारा आणि डोक्यावरचा पंखा धुराचा स्तंभ मोडतात. समोरच्या किंवा लगतच्या खोलीतल्या खिडकीतून येणारी संथ हवा सर्वांत चांगली.

आवाज आणि वीज

डेसिबल हे लघुगणकीय माप आहे. दहा डेसिबलच्या वाढीने आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ५५ आणि ६५ यांतला फरक किरकोळ नव्हे. ज्या चिमणीचा आवाज नकोसा होतो ती काही महिन्यांत वापरातूनच जाते. विजेचा खर्च तुलनेने मामुली असतो: २०० वॅटची मोटर रोज दोन तास चालली, तर महिन्याला १२ युनिट. बीएलडीसी मोटर याहून कमी वीज घेते आणि शांत चालते.

‘ऑटो क्लीन’ची मर्यादा

या सोयीत ब्लोअरजवळची तापक तार आतले तेल पातळ करते आणि ते खालच्या वाटीत उतरते. काही चिमण्यांत पाण्याचा फवाराही असतो. ब्लोअरपुरती ही सोय खरी आहे. बॅफल फिल्टर, बाहेरचा पत्रा आणि पाइप यांना तिचा स्पर्श होत नाही. तेल थोडे असतानाच ती चालवावी लागते. वर्षभर साचून राळेसारखा घट्ट झालेला थर त्या उष्णतेने सुटत नाही. वाटी भरून वाहू लागली, तर सारे तेल शेगडीवरच ठिबकते.

निगा

साध्या स्वयंपाकाच्या घरात बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा आणि रोज तळण किंवा सामिष रांधणाऱ्या घरात पंधरा दिवसांतून एकदा धुणे पुरते. कडकडीत पाण्यात भांड्यांचा द्रव साबण आणि खाण्याचा सोडा घालून त्यात फिल्टर अर्धा तास बुडवून ठेवला, की मऊ ब्रशने थर निघतो. तारेच्या घासणीने चरे पडतात आणि पुढच्या वेळी तेल त्याच चऱ्यांत बसते. कॉस्टिक सोडा स्टेनलेस स्टील काही काळ सोसते, ॲल्युमिनियम सोसत नाही. त्याच्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, धातू काळा पडतो आणि झिजतो. जाळीचा फिल्टर त्यात टाकणे म्हणजे तो फेकून देणे. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. मोटर आणि ब्लोअरवर घरी पाणी मारणे टाळावे. वर्षातून एकदा ते तंत्रज्ञाकडून साफ करून घेणे आणि त्याच वेळी पाइप व झडप उघडून पाहायला लावणे अधिक फलदायी.

ओढ तपासण्याची सोपी रीत अशी: शेगडी बंद असताना चिमणी पूर्ण वेगात सुरू करून पातळ कागद फिल्टरला लावावा. तो चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर फिल्टर, झडप, पाइप या क्रमाने शोध घ्यावा. मोटर बहुधा शेवटची दोषी निघते.

दिवाळीच्या साफसफाईत चिमणी उजळली जाते आणि लगेच चकल्या, शंकरपाळे, करंज्या यांचे घाणे सुरू होतात. आठवड्याभरात इतके तेल वर जाते, की खरी सफाई फराळ झाल्यावर लागते. तीच गोष्ट उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजल्यानंतरची.

आगीचा धोका

तेलाने माखलेला फिल्टर आणि पाइप हे इंधनच असते. कढईतल्या तेलाने पेट घेतल्यास चिमणीची ओढ ज्वाळा वर खेचते. अशा वेळी चिमणी आणि गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचे असते. पाणी टाकल्यास पेटते तेल उडते. चिमणी सुरू असताना वर भांडे न ठेवता बर्नर मोठा पेटता सोडणेही धोक्याचे.

पाइप नसलेली चिमणी आणि एक्झॉस्ट फॅन

जिथे पाइप बाहेर काढताच येत नाही तिथे पाइपविरहित चिमणी विकली जाते. ती हवा जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून पुन्हा खोलीतच सोडते. तेल बरेचसे अडते, वास काही काळ कमी होतो. वाफ, उष्णता, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड जिथल्या तिथे राहतात. कोळसा साधारण तीन ते सहा महिन्यांत संपृक्त होतो आणि तो बदलला नाही, तर उरतो तो केवळ दिवा लावलेला पंखा.

साधा एक्झॉस्ट फॅन पात्यांचा असतो. तो भरपूर हवा हलवतो, पण दाब निर्माण करू शकत नाही. म्हणून लांब पाइपाला निरुपयोगी आणि थेट भिंतीत किंवा खिडकीत बसवल्यास कार्यक्षम. तेल तो गाळत नाही, त्यामुळे त्याची पाती आणि बाहेरची भिंत वारंवार पुसावी लागते. तरीही तो सर्व प्रकारचे वायू खरोखर घराबाहेर घालवतो. भाड्याच्या घरात किंवा पाइपाला वाट नसलेल्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ, भिंतीच्या वरच्या भागात बसवलेला एक्झॉस्ट फॅन पाइपविरहित चिमणीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयुक्त ठरतो.